महिना झाला तरी जखम भरेना? त्वचेचा कॅन्सर गावच्या दवाखान्यात कसा ओळखतात, पुढं काय करतात

पायावर लहानपणी भाजल्याचा जुना डाग असतो. त्याला एक दिवस चीर पडते. आधी हळद भरली जाते, मग मेडिकलमधून ट्यूब येते, मग गावातल्या डॉक्टरकडं एक दिवसाआड पट्टी सुरू होते. चार दिवस बरं वाटतं, परत खपली निघते, परत रक्त येतं. पेरणी होते, काढणी होते, ऊस कारखान्याला जातो, जखम आहे तिथंच. "शुगर असंल," कोणीतरी म्हणतं. शुगर तपासली तर नॉर्मल निघते. असा एक तरी माणूस प्रत्येक गावात सापडतो. त्यातल्या बहुतेकांची जखम साधीच असते. काहींची मात्र साधी नसते, तो त्वचेचा कॅन्सर असतो.

कॅन्सर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तंबाखूचं तोंड, बाईच्या छातीतली गाठ नाहीतर गर्भपिशवी येते. कातड्यालाही कॅन्सर होतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्याकडं तो कमीच आहे. देशातल्या एकूण कॅन्सरात त्याचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. पण हा कॅन्सर पोटात लपून बसत नाही. उघड्या डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, वेळेवर कापून काढला तर बहुतेक वेळा कायमचा जातो. तरीही आपल्या भागातली माणसं जखमेला वर्ष-दोन वर्षं झाल्यावर मोठ्या दवाखान्यात पोचतात. ती वर्षं कुठं जातात, ते बघायला पाहिजे.

दोन जाती, दोन स्वभाव

त्वचेचे कॅन्सर मुख्य तीन. त्यातला मेलानोमा हा रंग तयार करणाऱ्या पेशींचा. तो जहाल असतो, लवकर अंगभर पसरतो, आपल्याकडं बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली काळा डाग होऊन येतो. तळपायाला नवीन काळा डाग येऊन वाढत असेल तर एक आठवडाही थांबायचं नाही, एवढं लक्षात ठेवावं. हा लेख मात्र उरलेल्या दोघांबद्दल आहे, कारण गावच्या डॉक्टरकडं तेच जास्त येतात.

पहिला बेसल सेल कार्सिनोमा. कातड्याच्या वरच्या थराच्या अगदी तळाच्या पेशींतून निघतो. बहुतेक वेळा तोंडावर येतो, म्हणजे नाकाशेजारी, डोळ्याच्या कोपऱ्यात, पापणीवर, गालावर. आधी मोत्यासारखी चमकणारी लहान गाठ दिसते. तिच्यावर बारीक लाल शिरा दिसतात, मग मधोमध खड्डा पडतो, कडा गुंडाळल्यासारख्या उचललेल्या राहतात. खपली धरते, पडते, परत धरते. इंग्रजीत त्याला जुनं नाव आहे त्याचा अर्थ 'उंदरानं कुरतडल्यासारखा व्रण'. नाव बरोबर आहे, कारण तो हळूहळू नाक, पापणी खात जातो. गोऱ्या लोकांत तो गुलाबी दिसतो, आपल्या सावळ्या कातड्यावर मात्र बऱ्याचदा काळा दिसतो. म्हणून लोक त्याला तीळ नाहीतर मस समजतात. याचा चांगला गुण एकच, तो दुसऱ्या अवयवात जवळजवळ कधीच जात नाही. वाईट गुण हा, की त्याच्या या संथपणामुळं माणूस बेफिकीर राहतो.

दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. भारतातल्या बहुतेक दवाखान्यांच्या नोंदीत हाच जास्त सापडतो. याची जखम कडक असते. काठ जाड, उचललेले, बाहेरच्या बाजूला उलटलेले. काही वेळा फुलकोबीसारखा मांसाचा गड्डा वर येतो. हात लागला की रक्त येतं, वास येतो. हा पसरतो. पायावर असेल तर जांघेत, हातावर असेल तर बगलेत, तोंडावर असेल तर मानेत गाठ येते. खेड्यात याला अवधान आलं म्हणतात आणि जखमेमुळं आलं असंल म्हणून सोडून देतात. ते खरंही असू शकतं, जखमेत पू असला तरी अवधान येतं. पण जखम जुनी असेल आणि गाठ कडक, न दुखणारी असेल तर ती गोष्ट डॉक्टरला न विसरता सांगायची.

या स्क्वॅमसच्या आधीची एक पायरी असते, ती सगळ्यात जास्त फसवते. कातड्यावर एक लालसर, खवले सुटणारा चट्टा. नायट्यासारखा दिसतो. मेडिकलवाला नायट्याची ट्यूब देतो. या ट्यूबांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यामुळं लाली कमी होते, माणूस खूश होतो. महिन्यानं चट्टा परत हजर, थोडा मोठा होऊन. एकच चट्टा, एकाच जागी, वर्षानुवर्षं, खाजही फारशी नाही आणि कुठल्याच मलमाला दाद देत नाही, असं असेल तर तो नायटा नसण्याची शक्यता धरावी. नायटा घरात दुसऱ्याला लागतो, अंगावर दुसरीकडं पसरतो. हा तसं करत नाही.

ऊन हे एकच कारण नाही

युरोप-ऑस्ट्रेलियात त्वचेचा कॅन्सर म्हणजे उन्हाचा आजार. आपल्या कातड्यातला काळा रंग, मेलानिन, उन्हापासून बरंच राखतो. म्हणून शेतात राबणाऱ्या प्रत्येकानं उन्हाची धास्ती घ्यायचं कारण नाही. पण आयुष्यभर उघड्या तोंडानं उन्हात काम केलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नाकाला, खालच्या ओठाला, कानाच्या पाळीला जखम झाली तर ऊन हे कारण असू शकतं. डोक्यावरचं पागोटं, उपरणं, बायकांचा पुढं ओढलेला पदर हे जुने लोक उगीच वापरत नव्हते. आजची क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी ठेवते.

काही जणांना मात्र उन्हाचा खरा धोका असतो. जन्मापासून केस, पापण्या, कातडं सगळं पांढरं, डोळे उन्हात मिटणारे, अशी मुलं काही घरांत असतात. त्यांच्यात रंगच तयार होत नाही. त्यांना कमी वयात हा कॅन्सर होऊ शकतो. अशा मुलाला पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, उन्हातलं क्रीम आणि शक्यतो सावलीतलं काम. शाळेत मैदानावर दुपारी उभं करू नये हे गुरुजींना पालकांनी सांगून ठेवावं. याची आणि कोडाची गल्लत करू नये. कोड नंतर येतं, चट्ट्याचट्ट्यानं येतं, आणि कोड म्हणजे कॅन्सर नाही, कोडाचा कॅन्सर होत नाही. कोड असलेल्या माणसाला या लेखानं घाबरवू नये.

दुसरी गोष्ट नात्यातल्या लग्नांची. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न आपल्याकडं अजून होतात. आईबाप दोघांकडं एकच दडलेला दोष असला तर काही मुलांच्या कातड्याला उन्हानं झालेली इजा दुरुस्त करायची ताकदच नसते. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडावर, हातांवर काळे ठिपकेच ठिपके येतात, थोड्या उन्हानं चेहरा भाजतो, डोळे लाल. अशा मुलांना दहा वर्षांच्या आतसुद्धा त्वचेचा कॅन्सर झालेला दिसतो. हा आजार दुर्मीळ आहे, पण ठिपके 'वारसाचे आहेत' म्हणून सोडू नयेत, मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात दाखवावं.

आता आपल्या भागातली खरी कारणं. पहिलं भाजल्याचा जुना व्रण. फ्रान्सच्या मार्जोलँ नावाच्या सर्जननं १८२८ साली जुन्या व्रणावर येणाऱ्या अशा जखमांचं वर्णन केलं, म्हणून आजही डॉक्टर त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. भाजल्यापासून कॅन्सर होईपर्यंत सरासरी तीसेक वर्षं जातात. म्हणजे चुलीवर, स्टोव्हवर किंवा गुऱ्हाळाच्या काहिलीत दहाव्या वर्षी भाजलेल्या माणसाला चाळिशीत हा त्रास होतो. तोवर भाजणं आणि ही जखम यांचा संबंध कोणाच्या डोक्यातच येत नाही. प्रत्येक डागाला हे होत नाही, फार थोड्यांना होतं. धोका जास्त त्या डागाला, जो कातडं न लावता आपोआप कसाबसा भरला, गुडघ्याच्या मागं किंवा कोपरात आखडून बसला आणि चालताना, वाकताना सारखा चिरतो. म्हणून भाजलेलं अंग वेळेवर कातडं लावून बरं करणं हीसुद्धा कॅन्सर टाळण्याचीच गोष्ट आहे. उन्हानं होणाऱ्या स्क्वॅमसपेक्षा डागावरचा हा कॅन्सर जास्त पसरतो, हे लक्षात घ्यावं.

डाग देणं हा प्रकार काही वस्त्यांवर अजून चालतो. पोटदुखीला, कावीळीला, लहान लेकरालासुद्धा तापलेल्या सळईनं डाग देतात. बिबा लावून कातडं उठवतात. त्यानं मूळ आजार जात नाही, कायमचा व्रण मात्र मागं राहतो.

भाजल्याशिवायही जुन्या जखमा असतात. फुगलेल्या शिरांमुळं घोट्याजवळ होणारी जखम, कुष्ठरोग बरा झाल्यावरही बधिर तळपायाला राहिलेला व्रण, हाड सडून वर्षानुवर्षं पू वाहणारं भोक. या सगळ्यांत, खूप वर्षांनी का होईना, स्क्वॅमस कॅन्सर होऊ शकतो. इतकी वर्षं शांत असलेल्या जखमेचा स्वभाव बदलला, म्हणजे दुखायला लागली, वास यायला लागला, काठाला मांस वाढलं, रक्त यायला लागलं, की तीच खूण.

नाडीची जागा

बायका लाजून सांगत नाहीत म्हणून याला वेगळी जागा. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधली की कमरेला काळा पट्टा पडतो. तो खाजतो, खवले सुटतात, घाम आणि घर्षणानं चिरतो. बहुतेकींचं तिथंच थांबतं. काहींना जखम होते आणि ती भरत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली धोतर कमरेला आवळून नेसणाऱ्यांत असा कॅन्सर होतो हे लिहून ठेवलं होतं. पुढं साडी-परकराचं तेच दिसलं. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्कर बायकांची माहिती एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यातली एक परकराशिवाय लुगडं आवळून नेसणारी होती, आणि तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत गेलेला होता.

घाबरून साडी सोडायची नाही. नाडी सैल, रुंद पट्टीची. रोज थोडी वर-खाली. कमरेला जखम असेल तोवर नाडीऐवजी सैल कपडा. आणि कमरेची जखम महिन्यात भरली नाही तर ती दाखवायची. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज वाटत असेल तर आशाताईला नाहीतर उपकेंद्रातल्या सिस्टरला आधी दाखवावी. सुनेला माहीत असतं, सासूला माहीत असतं, घरातल्या पुरुषाला शेवटी कळतं. तोवर दोन वर्षं गेलेली असतात.

काश्मीरमध्ये थंडीत कपड्याच्या आत निखाऱ्याची कांगडी पोटाशी धरतात, तिथं पोटावर आणि मांडीवर हाच कॅन्सर होतो. बंगालमध्ये बोअरच्या पाण्यातल्या सोमलामुळं तळहात-तळपाय खरखरीत होऊन पुढं कॅन्सर होतात. आपल्याकडं ही दोन्ही कारणं नाहीत. पण एक सांगण्यासारखं: सोमल असलेली जुनी देशी औषधं दमा, कातडीचे आजार यासाठी ओळख नसलेल्या माणसाकडून पुडीत घेऊन महिनोन्‌महिने खाऊ नयेत.

गावच्या डॉक्टरनं काय करायचं असतं

गावात दवाखाना टाकून बसलेले डॉक्टर, मग ते कुठल्याही पॅथीचे असोत, या आजारात सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहेत. ऑपरेशन त्यांनी करायचं नसतं. त्यांचं काम शंका घेणं आणि वेळेवर पाठवणं. पेशंटनंही हे समजून घेतलं तर डॉक्टरनं "पुढं जा" म्हटल्यावर "याला येत नाही" असं गावभर सांगत फिरणार नाही. जो वेळेवर पुढं पाठवतो तो चांगला डॉक्टर.

पहिल्या भेटीत डॉक्टरनं जखम पट्टी सोडून, धुऊन, उजेडात बघायला पाहिजे. हे लिहायची वेळ येते याचं कारण, पट्टीवरूनच इंजेक्शन देऊन पाठवणारे दवाखाने आहेत. काठ बोटानं दाबून कडक आहे का बघायचं. जांघ, बगल, मान चाचपायची. किती दिवस झाले, आधी तिथं काय होतं, भाजलं होतं का, कुठलं औषध लावलं, हे विचारायचं. शुगर तपासायची, पायाच्या शिरा आणि नाडी बघायची. पू असेल तर गोळ्या आणि रोजची स्वच्छ पट्टी. हे सगळं करून दोन आठवडे वाट बघणं योग्य आहे. दोन आठवड्यांत जखम लहान होताना दिसली तर ठीक. नाही झाली, आणि एकूण महिना उलटला, तर त्याच पट्ट्या करत राहण्यात अर्थ नाही. तुकडा तपासायला पाहिजे.

तुकडा का? कारण डोळ्यांनी खात्री होत नाही. कातड्याचा टीबी, बुरशीच्या जखमा, काटा मोडून आत राहिल्यानं आलेली गाठ, हे सगळे कॅन्सरसारखे दिसू शकतात आणि कॅन्सर त्यांच्यासारखा दिसू शकतो. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी बायोप्सीशिवाय कॅन्सर आहे किंवा नाही, दोन्ही म्हणू नये.

जागा सुईनं बधिर करतात. तीन-चार मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या डाळीएवढा गोल तुकडा जखमेच्या काठावरून काढतात. मधून काढला तर नुसता सडका भाग येतो, निदान होत नाही. एक-दोन टाके. अर्ध्या तासात माणूस घरी. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून लॅबला जातो, साधारण आठवड्यात रिपोर्ट येतो. जखम मोठी, जुन्या डागावरची असेल तर दोन-तीन ठिकाणचे तुकडे घ्यावे लागतात. एका तुकड्यात काही निघालं नाही पण जखम तशीच राहिली तर परत बायोप्सी करावी लागते. "एकदा केली, नॉर्मल आली" म्हणून फाइल बंद करू नये.

"चाकू लावला की कॅन्सर पसरतो" ही समजूत अजून घट्ट आहे. तुकडा काढल्यानं हा कॅन्सर पसरत नाही. बायोप्सीनंतर काही जणांचा आजार वाढलेला दिसतो, कारण ते रिपोर्ट घेऊन सहा महिने घरी बसलेले असतात. दोष चाकूला मिळतो.

आता डॉक्टरनं न करायच्या गोष्टी. मस किंवा गाठ कापून कचऱ्यात टाकायची नाही, कापली तर तपासायला पाठवायची. मशीननं नाहीतर ॲसिडनं जाळायची नाही, जाळल्यावर तपासायला काही उरत नाही आणि खाली कॅन्सर तसाच वाढत राहतो. आणि स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने चालू ठेवायची नाही. घरच्यांनीही जखमेत चुना, रुईचा चीक, तंबाखू, बॅटरीची पावडर भरू नये. यानं जखम बिघडते आणि बिघडलेल्या जखमेत मूळ रोग ओळखता येत नाही.

सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, त्याचा इथं चांगला उपयोग होतो. जखमेशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, दिवसाच्या उजेडात फोटो काढावा. पंधरा दिवसांनी परत तसाच. जखम वाढली की कमी झाली हे नाण्यावरून कळतं, आठवणीवर विसंबायची गरज राहत नाही. सरकारची ई-संजीवनी ही सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आरोग्य मंदिरात आहे, तिथून मोठ्या डॉक्टरचा सल्ला मिळतो. तेव्हा हे फोटो कामी येतात. फक्त गावच्या ग्रुपवर टाकून "कुणाला उपाय माहीत आहे का" असं विचारू नये. दहा उपाय येतील, त्यातले नऊ जाळणारे असतील.

आणखी एक. तीस वर्षांवरच्यांची कॅन्सर तपासणी आरोग्य मंदिरात होते. पण ती तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची. कातडी त्या यादीत नाही. म्हणजे शिबिरात नाव नोंदवलं, तपासणी झाली, तरी पायाची जखम कोणी विचारणार नाही. ती आपणच दाखवायची आहे.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला तर

बेसल असेल तर महिन्याभरात सावकाश तयारी करून गेलं तरी चालतं, डोळ्याजवळ असेल तर मात्र लवकर. स्क्वॅमस असेल तर थांबायचं नाही. कांदा काढून झाल्यावर, लग्नसराई उरकल्यावर, असं नको.

मुख्य इलाज ऑपरेशनच. नुसती जखम काढून भागत नाही, तिच्या भोवतीचं चांगलं दिसणारं कातडंही काढतात. बेसलला साधारण चार मिलिमीटर, स्क्वॅमसला चार ते सहा, जुन्या डागावरच्या कॅन्सरला त्याहून बरंच जास्त, बऱ्याचदा दोन सेंटीमीटर. पेशंटला वाटतं एवढुसं दुखणं आणि एवढं कापलं. पण कॅन्सरची मुळं दिसणाऱ्या काठाच्या पुढं गेलेली असतात. काढलेला तुकडा परत तपासला जातो. रिपोर्टमध्ये 'मार्जिन फ्री' आहे का, हे घरच्यांनी नक्की विचारावं. म्हणजे काठावर कॅन्सर उरला नाही. उरला असेल तर परत काढावं लागतं किंवा शेक द्यावा लागतो. जागा मोठी असेल तर मांडीचं कातडं लावतात नाहीतर शेजारचं कातडं फिरवून आणतात.

फार म्हातारं माणूस, ऑपरेशन झेपणार नाही किंवा जागा अवघड, तर शेक म्हणजे रेडिएशन. अगदी वरवरचा, सुरुवातीचा चट्टा असेल तर काही जणांना मलमावरही भागतं, पण ते मलम वेगळं. ते तज्ज्ञानं सांगितल्याशिवाय लावायचं नाही, लावल्यावर जागा लालभडक होऊन सोलते, घाबरून मधेच सोडतात. जांघेत किंवा बगलेत गाठी गेल्या असतील तर त्याही काढाव्या लागतात. हाडात उतरला असेल तर पाय किंवा बोट काढायची वेळ येते. सुरुवातीला डाळीएवढा तुकडा आणि दोन-चार टाके, उशिरा पाय. फरक वर्षभराचा असतो.

लवकर सापडलेल्या बेसलचे जवळजवळ सगळे पेशंट बरे होतात. लहान, न पसरलेल्या स्क्वॅमसमध्येही दहातले नऊ किंवा जास्त बरे होतात. एकदा गाठीत गेला की हे प्रमाण बरंच घसरतं.

हा आजार लागत नाही. ताट वेगळं करायचं, लेकराला जवळ येऊ द्यायचं नाही, यातलं काही करू नये. जखमेला वास येत असेल तर रोज पट्टी बदलली, डॉक्टरनं सांगितलेलं औषध टाकलं की वास कमी होतो. म्हाताऱ्या माणसाला पडवीत टाकण्याआधी एवढं तरी करावं.

ऑपरेशननंतर परत गावचाच दवाखाना

मोठ्या दवाखान्यातून टाके काढून आलं की लोक फाइल कपाटात ठेवतात. पण परत येण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त. स्क्वॅमसच्या पेशंटनं पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं असतं. प्रत्येक वेळी शहर गाठणं जमत नसेल तर मधल्या तपासण्या गावचे डॉक्टर करू शकतात. ऑपरेशनची जागा बोटानं चाचपायची, जांघ-बगल-मान बघायची, बाकी अंगावर नवीन काही आहे का बघायचं. एकदा झालेल्या माणसाला दुसऱ्या जागी नवीन होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. किडनी बदललेल्या माणसांनीही, त्यांच्या गोळ्यांमुळं प्रतिकारशक्ती कमी झालेली असते म्हणून, वर्षातून एकदा सगळं अंग दाखवावं.

कुठं जायचं, पैसा कुठून

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, तिथून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज. बायोप्सी तिथं होते, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. कॅन्सर निघाला तर बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईत परळचं आणि खारघरचं टाटा, यातलं जे जवळ पडेल ते. टाटालाच जायचं असा हट्ट धरून दोन महिने पैशाची जुळवाजुळव करण्यापेक्षा जवळच्या ठिकाणी या आठवड्यात गेलेलं बरं.

कॅन्सरचं ऑपरेशन, शेक आणि किमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. आता ही योजना आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते आणि कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत खर्च होतो. केशरी, पिवळं असा फरकही आता राहिलेला नाही. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती होण्याआधी तिथं जायचं, नंतर नाही. आधी पैसे भरून मागाहून योजनेत घाला म्हटलं की अडचण होते. रेशन कार्ड, आधार कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवाव्यात. रेशन कार्डावर पेशंटचं नाव आहे का, आधारवरच्या नावाशी जुळतं का, हे घरीच बघून घ्यावं. सासरचं-माहेरचं नाव वेगळं असल्यानं बायकांचं काम बऱ्याचदा इथंच अडतं. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८. आपल्या जिल्ह्यात कुठला दवाखाना योजनेत आहे ते या नंबरवर सांगतात. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. तो पहिल्या फेरीतच मागून घ्यावा, म्हणजे पुढच्या फेरीला उपयोगी पडतो.